पोसम आणि मागची सीट

आमच्या रविवारच्या टोळक्यात कुणाला नावानं हाक मारत नाहीत. ज्याची जी गाडी, तेच त्याचं नाव. जीपवाले म्हणजे परंड्यातले अडत दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि जीप सुरू झाली नाही की ते तिच्याशी कानडीत बोलतात. ते बोलणं विनवणीचं असतं की शिव्यांचं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. जीपला मात्र कळतं. दुसरे सर. ते ईटचे, कॉलेजात शिकवतात. त्यांची गाडी लाल, लहानशी, नव्वदच्या दशकातली. ती व्हिंटेज आहे असं ते म्हणतात आणि जीपवाले दर रविवारी त्यांना ऐकवतात, "सर, तुमची गाडी जुनी न्हाय, नुसती म्हातारी हाय." तिसरी मी, पद्मिनीवाली. बाजारपेठेत माझं औषधाचं दुकान आहे. पद्मिनी माझ्या सासऱ्यांची. नवऱ्याला गाड्यांचं वावडं, म्हणून ती माझ्याकडं आली. आणि चौथे अण्णा. त्यांची अँबॅसेडर आहे, पण त्यांना अँबॅसेडरवाले कुणी म्हणत नाही. वयानं सगळ्यात मोठे, म्हणून ते अण्णाच.

अण्णा पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. ही अँबॅसेडर तेव्हा खात्याची. पांढरी, स्टेअरिंगच्या दांड्यालाच गियर, पुढं अख्खी लांब सीट, आणि मागं साहेबांसाठी टॉवेल अंथरलेला. साहेब बदलत गेले, गाडी तीच आणि ड्रायव्हर तोच. पुढं खात्यानं गाडी लिलावात काढली तेव्हा अण्णांनी ती घेतली. घरच्यांनी विचारलं म्हणे, आता ह्यात बसणार कोण? ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणी ती चालवलेली आपल्याला बघवणार नाही, एवढंच ठाऊक होतं.

मला गाडी त्यांनीच शिकवली. माझी चाळिशी उलटून गेली होती, आणि परंड्याच्या किल्ल्याच्या खंदकाशेजारच्या रस्त्यावर येणारे-जाणारे थांबून बघायचे. मी चिडायचे. माझा स्वभावच तसा आहे, लगेच डोक्यात तिडीक जाते आणि ती हातात उतरते. अण्णा शेजारी बसून म्हणायचे, "ताई, गियर वडू नका. त्येला वाट दावा, त्यो जातोय." एवढंच. ना कधी आवाज चढवला, ना कधी हात पुढं करून स्टेअरिंग धरलं.

वाढदिवसाची पद्धत निघाली ती त्यांच्यामुळंच. एका वर्षी जीपवाल्यांनी टूम काढली, की ह्या माणसाचा जन्म गेला पुढं बसून. आज वाढदिवस आहे तर आज ह्यांनी मागं बसायचं आणि आपण त्यांना फिरवून आणायचं. अण्णा तयारच होईनात. शेवटी आम्ही ढकलून बसवलं. बॉनेटला झेंडूचा हार, मागच्या सीटवर नवा टॉवेल, आणि अण्णा आपल्याच गाडीत पाहुण्यासारखे अंग चोरून बसलेले. जीपवाले दार उघडून कमरेत वाकून म्हणाले, "साहेब, कुठं जायचं?" अण्णा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासून आमच्यात नियमच झाला. ज्याचा वाढदिवस, त्यानं त्या दिवशी स्टेअरिंगला हात लावायचा नाही. मागं बसायचं, साहेब व्हायचं. गाडी कुणी चालवायची, त्याच्या पाळ्या लागल्या.

मी सांगते आहे त्या वर्षी अण्णांच्या वाढदिवसाला गाडी चालवायची पाळी माझी होती, आणि मला ती नको होती.

कारण आम्हाला सगळं कळलं होतं. अण्णांची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला असते. अण्णांची बायको जाऊन काही वर्षं झालीत, घरी ते एकटेच. त्या पावसाळ्यात ते न्हाणीत घसरून पडले आणि पडूनच राहिले. मुलीचे फोन उचलेनात म्हणून जीपवाले गेले आणि दार फोडून त्यांना बाहेर काढलं. हाड मोडलं नाही, मुका मारच होता, पण मुलीनं तिकडं हाय खाल्ली. मग व्हिसाचे कागद सुरू झाले. बार्शीचा एक फोटोग्राफर अँबॅसेडर बघून गेला. लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढतात ना, त्यासाठी त्याला जुनी गाडी हवी होती. गुलाबी रंग देणार म्हणाला.

हे अण्णांनी आम्हाला सांगितलं नव्हतं आणि आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. चौघांच्या तोंडाला कुलूप. रविवारी भेटायचं, चहा प्यायचा, कार्बोरेटर आणि टायरवर बोलायचं आणि घरी जायचं. मला त्या मुलीचा राग येत होता. दोन वर्षांतून एकदा येणार आणि म्हाताऱ्या माणसाला कुंडीसारखं उचलून नेणार, असं मनात यायचं. अण्णा गेले तर माझे रविवार गेले, हे त्या रागाखाली होतं. ते काही मी स्वतःपासून लपवत नव्हते.

अण्णांचा वाढदिवस पौषात येतो, ऐन हुरड्याच्या दिवसांत. म्हणून बेत सरांच्या रानात, ईटला. सकाळी परंड्याहून निघालो, भूममार्गे. मी अँबॅसेडर चालवत होते, अण्णा मागं, पुढं जीप. रानात पोचलो तर सरांनी आगटी पेटवून ठेवलेली, कणसं भाजायला घातलेली. ताटात गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. जीपवाल्यांनी केक आणला होता, बिनअंड्याचा आहे हे बेकरीवाल्याकडून तीनदा वदवून घेऊन. केकवर गाडी काढायला सांगितली होती. बेकरीवाल्यानं काढली तीही. पण ती ट्रॅक्टरसारखी दिसत होती.

"सर, तुमच्या गाडीपेक्षा ह्यो केक बरा पळंल," जीपवाले म्हणाले.

"तुमची जीप उतारावर सुद्धा ढकलावी लागते," सर म्हणाले. "मागच्या वेळी भूमच्या चढावर तुम्हाला कुणी ओढलं? ह्या म्हातारीनंच ना?"

"ओढलं न्हाय, संगट चालली."

अण्णा हाताच्या तळव्यावर हुरडा चोळत होते, फुंकर मारून कोंडा उडवत होते आणि हसत होते. त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. ह्या वर्षी तरी कुणी बोलेल का, असं मला वाटत होतं, आणि कुणी बोलू नये असंही.

दुपार कलताना मुलीचा व्हिडिओ कॉल आला. सरांच्या रानात रेंज फक्त विहिरीजवळ, गाड्या लावल्या होत्या तिथंच येते. आम्ही फोन अँबॅसेडरच्या काचेवर वायपरमध्ये अडकवला आणि टीव्हीपुढं बसावं तसे चौघं बॉनेटपाशी उभे राहिलो. तिकडं नुकताच अंधार पडत होता. मुलीनं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, केक दाखवायला लावला, ट्रॅक्टर बघून हसली. इतकी वर्षं तिकडं राहूनही तिचं बोलणं परंड्याचंच आहे. मग ती म्हणाली, "अण्णा, थांबा, तुम्हाला एक गंमत दावते," आणि फोन घेऊन अंगणात गेली.

कुंपणावर कुणीतरी बसलं होतं. मांजराएवढं, करड्या अंगाचं, शेपूट झुबकेदार, नाक गुलाबी. बटणासारखे डोळे आमच्याकडं वटारून बघत होतं. त्यानं तोंडातून आवाज काढला, तो मी रोज दुकानात ऐकते तसला, दम्याच्या पेशंटचा.

"उद हाय ती," जीपवाले म्हणाले. "आमच्या गोडाऊनवर येती, उदमांजर."

"उद न्हाय काका, पॉसम. आमच्या गाडीच्या शेडच्या छतात ऱ्हातंय."

"पोसम?"

"पॉसम, पॉसम," सर म्हणाले. त्यांनी तोवर मोबाइलवर शोधलंही होतं. "कांगारूच्या भावकीतलं आहे. मादीच्या पोटाला पिशवी असते, पिल्लू त्यात वाढवते."

"त्येच की. पोसम. म्हंजे पोसलेलं," जीपवाले म्हणाले.

मुलगी खळखळून हसली. "पोसलेलंच म्हणा. माझी पोरगी रोज सफरचंदाच्या फोडी ठेवती त्याला."

"बगा म्हंजे! भाडं न्हाय, काम न्हाय, फोडी करून हातात!" जीपवाल्यांना आता रंग चढला होता. त्यांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. "अण्णा, तिकडं गेल्यावर तुमी बी पोसमच की ओ!"

सगळे हसले. मीही हसले, तोंडातून निघूनच गेलं. इतके दिवस जे कुणी बोललं नव्हतं ते असं थट्टेत बोलून झालं होतं, आणि ते जीपवाल्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. तिकडून मुलगी म्हणाली, "मग काय तर! अण्णांनी आता कायम मागंच बसायचं. लई चालवली जन्मभर. आता म्या चालवते, तुम्ही निवांत बसा."

किती मायेनं म्हणाली ती. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. अण्णाही हसले, पण हातातला चोळलेला हुरडा त्यांनी तोंडात टाकला नाही, परत ताटात ठेवला.

ते सरांनीही पाहिलं असावं. सर भला माणूस. विषय बदलावा म्हणून त्यांनी घाईनं विचारलं, "पण छतात राहतं म्हणता, मग ते आवाज करत असेल, घाण करत असेल. हाकलून का नाही देत?"

"करतंय की सर. वायरी कुरतडल्या. म्हणून माणूस बोलावला होता, लायसनवाला. मला वाटलं, पिंजरा लावील, धरील आणि लांब कुठंतरी जंगलात नेऊन सोडील. बरं हाय की त्याचं, म्हटलं. हिकडं गाड्यांच्या धुरात बसण्यापरीस मोकळं रान, झाडंच झाडं, खायला मुबलक. तर त्यो म्हणाला, तसं न्हाय करता येत. कायद्यात बसत न्हाय. धरलं तरी ह्याच आवारात सोडावं लागतंय. मी म्हटलं, का? तर म्हणाला, लांब नेलं की ते जगत न्हाय. रान कितीबी चांगलं असूं द्या. तिथं त्याचं भोक नसतंय, वळखीचं झाड नसतंय, रातीला कुठं जायचं तेच त्याला कळत न्हाय, मग ते..."

आणि ती थांबली.

फोनच्या काचेवर तिचा चेहरा तसाच होता, तोंड जरासं उघडं. जीपवाले म्हणाले, "रेंज गेली." रेंज गेली नव्हती. मागं ते जनावर कुंपणावरून उतरताना दिसत होतं. सर चपलेनं ढेकूळ फोडत खाली बघत राहिले. ह्या बिचाऱ्यानं वाचवायला म्हणून प्रश्न विचारला आणि नेमकं तिथंच नेऊन आपटलं.

अण्णांनी घसा खाकरला. "मग? काय केलंस मग?"

"खोकं केलं," मुलगी म्हणाली. आवाज उतरला होता. "लाकडाचं. शेडजवळच्याच झाडावर बांधलं. आत वाळलेला पाला घातला. ते खोक्यात ऱ्हायला लागलं, मग छताचं भोक बुजवून टाकलं. तुमचंच बघून केलं, अण्णा. मांजरीला पाटी ठेवली होती तुम्ही."

ही मांजरीची गोष्ट आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मुलगी लहान असताना अँबॅसेडरच्या बॉनेटखाली एका मांजरीनं पिल्लं घातली होती. गाडी तेव्हा नुकतीच खात्याकडून घरी आली होती, सगळ्या गल्लीला बघायची होती. अण्णांनी बॉनेट लावलं नाही आणि गाडीही हलवली नाही. इंजिनाशेजारी खाली एक वेताची पाटी ठेवली, त्यात गोणपाट घातलं, आणि पिल्लांचे डोळे उघडून ती पाटीत उतरेपर्यंत बायको-मुलीला घेऊन एसटीनं फिरले.

"ऱ्हायलंय ना पण खोक्यात?" अण्णांनी विचारलं.

"ऱ्हायलंय."

"मग झालं," अण्णा म्हणाले. मुलगी म्हणाली, उशीर झालाय, पोरगीला झोपवायचंय. फोन बंद झाला.

निघताना जीपवाले अँबॅसेडरच्या खिडकीपाशी आले. "अण्णा, माझी जीभ लई सैल हाय ओ. म्या आपलं सहज..."

"शब्द चांगला काढला तुमी," अण्णा म्हणाले. "पोसम. बेस हाय."

परतीला मी स्टेअरिंगवर आणि अण्णा मागं. भूम मागं पडलं. दोन्ही बाजूंना जवारी उभी होती, कणसांवर तिरपं ऊन पडलं होतं. आरशात मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता.

"बार्शीवाला ह्या आठवड्यात येनार हाय," ते म्हणाले. "गाडी न्यायला."

इतके दिवस ज्या वाक्याची भीती होती ते आलं, तर मला रडू यायच्या ऐवजी संताप आला. "मग द्या की. मला कशाला सांगताय? गुलाबी रंग देऊ दे, वर फुगे लावू दे. तुम्ही जा तिकडं आणि बसा फोडी खात!" आणि मी गियर असा काही ओढला, की अख्खी गाडी करकरली.

"ताई, गियर," अण्णा म्हणाले.

पुढचा गियर मी हळू टाकला. मग अण्णाच बोलायला लागले, पण माझ्याशी बोलल्यासारखं नाही.

"मागनं गाडी लई येगळी दिसती, ताई. रस्ता दिसतच न्हाय. म्होरच्या मानसाचं डोस्कं दिसतंय, आन बाजूनं पळनारी झाडं. इतकं साहेब लोक बसून गेले हितं, त्येंनी काय बघितलं आसंल? वर्सातनं एकदा बसायला बरं वाटतंय. तुमी हार घालता, मजा येती. पन उतरल्यावर दुसऱ्या दिवशी चावी माझ्या खिशात असती, म्हनून बरं वाटतंय."

"तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं," मी म्हणाले. सरळ बोलून टाकलं. "मला तुम्ही इथं हवे आहात. आम्हा सगळ्यांनाच."

"आन परत पडलो तर? जीपवाल्यांनी किती बारी दार फोडायचं?"

त्या पडण्यानंतर कंबरेला लावायचा पट्टा आणि मलम माझ्याच दुकानातून गेलं होतं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना ते भिंतीला हात लावतात हे मी बघत होते. मुलीवर राग धरणं सोपं होतं. ती तिथं फोन वाजू देत रात्रभर बसली असेल आणि इकडं कुणी उचलत नसेल, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं.

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. मुलगीच होती. तिकडं रात्र बरीच झाली असणार.

"अण्णा, मला झोप येईना. म्या तसं मनात धरून बोलले न्हाय."

"मला कळलं की, बाळ."

"त्यो माणूस जे म्हणाला ना, तेच मी सांगत होते, आणि सांगता सांगता मला..." मग एकदम म्हणाली, "तुम्ही येणार न्हाय ना आता? मला म्हाईत हाय, तुम्ही येणार न्हाय." आणि ती रडायला लागली. गाडीभर तिचं रडणं भरलं. मी समोर बघत राहिले. कान बंद करता आले असते तर केले असते.

"ताई, जरा कडंला घ्या," अण्णा म्हणाले.

मी गाडी एका बाभळीखाली थांबवली आणि इंजिन बंद केलं. रानात कुणीतरी पाखरं हाकत होतं, तेवढा आवाज.

"ऐक," अण्णा फोनमध्ये म्हणाले. "मी येनार हाय. तुजं खोकं बघायला येनार, नातीला बघायला येनार. ऱ्हा म्हनशील तितकं ऱ्हाईन बी. तुज्या गाडीत मागं बसंन. पोसलंस तर त्यात काय वाईट हाय गं? म्या बी तुला पोसलंच की. पन माजं हिकडचं भोक बुजवू नको. घर हाय तसं ऱ्हाऊ दे. गाडी हाय तशी ऱ्हाऊ दे. मागारी यायला वाट हाय एवढं मला ठावं पायजे, मग मी कुटं बी ऱ्हाईन. निवांत ऱ्हाईन."

तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "आणि परत आल्यावर पडलात तर?"

"न्हानीत दांडा बसवतो धरायला. चावी जीपवाल्यांकडं ठिवतो, म्हंजे दार तरी फोडाया नको. आन बाळ, फरशी तिकडं बी हायच की."

ती रडता रडता हसली. माझंही तसंच काहीतरी झालं. ती म्हणाली, "बरं, अण्णा." आणि पुन्हा म्हणाली, "बरं. गाडी इकू नका."

अण्णांनी फोन खिशात ठेवला आणि लगेच परत काढला. बार्शीवाल्याला त्यांनी माझ्यासमोर नाही म्हणून सांगितलं. तो भाव वाढवत होता बहुतेक, कारण अण्णा दोनदा म्हणाले, "तसं न्हाय ओ, ती गाडी रिकामी न्हाय." मग मला म्हणाले, "चला ड्रायव्हर," आणि सीटला टेकून बसले.

उन्हाळा तापायच्या आत ते गेले. गाडीची चावी माझ्याकडं दिली. दर रविवारी मी अँबॅसेडरला सेल मारायचे, इंजिन गरम होऊ द्यायचे आणि किल्ल्याला वळसा घालून आणायचे. मागच्या सीटवर बसायची जीपवाल्यांना फार हौस. मी कुणाला बसू दिलं नाही. अण्णांचे मेसेज यायचे. कधी झाडावरच्या खोक्याचा फोटो, त्यातून नुसतं गुलाबी नाक बाहेर आलेलं. कधी मुलीच्या गाडीतून काढलेला, सगळा हललेला. एकदा नुसतंच लिहिलं होतं, "पोसम हाय. मी बी हाय. गाडी चालू केली का?" मी इंजिनाचा आवाज मोबाइलमध्ये धरून पाठवला. त्यानंतर दर रविवारी तो पाठवावाच लागला.

खोटं कशाला बोलू, ते परत येतील असं मला वाटत नव्हतं. तिथं त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, लेकीनं दवाखान्यात दिवस दिवस बसून करून घेतलं. नात त्यांना सोडत नव्हती. हुरड्याचे दिवस पुन्हा आले, अण्णांचा वाढदिवस तिकडंच झाला. आम्ही सरांच्या रानात जमलो, पण अँबॅसेडर नेली नाही. मागच्या सीटवर बसणाराच नव्हता. इकडचं भोक आम्ही तिघांनी उघडं ठेवलं होतं, पण येणाऱ्याला तिकडं बरं वाटायला लागलं तर त्यात रागवायचं काय, अशी मी मनाची समजूत घालत होते. समजूत पटत नव्हती.

आणि मग कणसं कापून झाल्यावर, कडबा रचून झाल्यावर, एक दिवस त्यांचा फोन आला की येतोय. जावई पुण्यापर्यंत सोबत होता, तिथून त्यांनी एकट्यानंच रेल्वे धरली.

कुर्डुवाडी स्टेशनवर मी आणि जीपवाले गेलो, अँबॅसेडर घेऊन. बॉनेटला झेंडूचा हार, मागं नवा टॉवेल. वाढदिवस राहिला होता, तो करायचा होता. मी स्टेअरिंगवर बसून राहिले. गर्दीतून अण्णा आले. अंगावर कधी न बघितलेलं जॅकेट, पायात पांढरे बूट, चष्म्याची काच पातळ झालेली. चालताना कुठंही हात टेकत नव्हते. जीपवाल्यांनी मागचं दार उघडलं आणि कमरेत वाकून म्हणाले, "या साहेब. कुठं जायचं?"

अण्णा उघड्या दारापाशी थांबले. टॉवेलकडं बघितलं, हाराकडं बघितलं, हसले. मग हातातली बॅग टॉवेलच्या बरोबर मधोमध ठेवली, दार लावलं, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दाराच्या मुठीला हात घातला.

"सरका तिकडं, ताई," ते म्हणाले.

मी सरकले.